कूतचा वेढा आणि मोडाची उसळ

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) तैग्रिस नदीच्या वळणावरचं कूत-अल-अमारा हे गाव ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की फौजेने वेढलं. आत ब्रिटिश हिंदी सैन्यातली, जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. टाउनशेंडच्या चुकांवर पुष्कळ लिहून झालंय. माझं लक्ष खिळलं ते शिध्यावर. एकाच वेढ्यात दोन चुलींनी दोन निरनिराळे रोग दिले.

गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे, त्यांना बेरीबेरी झाला. पाय बधिर, अंगावर सूज, थकलेलं हृदय. कणकेच्या रोट्या खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचले. पुढे पांढरं पीठ सरलं, गोऱ्यांच्या पानातही जव आणि कणीक आली, आणि बेरीबेरी ओसरला. म्हणजे टंचाईनेच औषधाचं काम केलं! हिंदी शिपायांना मात्र स्कर्व्हीने गाठलं. हजाराहून अधिक जण आजारी पडले. हिरड्या सुजून रक्ताळतात, भरत आलेल्या जखमा पुन्हा उघडतात, असा हा रोग. तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. ताज्या मांसात हे जीवनसत्त्व थोडं असतं आणि गोरे घोडी कापून खात होते. हिंदी शिपायांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवून ती बिनतारी यंत्राने कळवली, तरी मनं वळायला एप्रिल उजाडला.

यावरून इंग्रज अधिकाऱ्यांनी सगळं खापर शिपायांच्या सोवळ्यावर फोडलं. मला हे पटत नाही. १९१६ साली वेढ्याबाहेर, मेसोपोटेमियात इतरत्रही हिंदी सैनिकांना स्कर्व्ही हजारोंनी झाला. तिथे घोड्याच्या मांसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता मुळातल्या शिध्याचा: पीठ, डाळ, तूप वजनात बसवलं, भाजीपाला मात्र नदीतून येणाऱ्या तोकड्या बोटींच्या भरवशावर सोडला. १९१७च्या मेसोपोटेमिया कमिशनने या मोहिमेच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पायउतार व्हावं लागलं.

बेरीबेरीवरचा एक उतारा सापडला तो इंग्लंडातल्या दारूच्या गावात. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी जिप्समयुक्त, बिअरला उत्तम. त्या पाण्यापायी एकोणिसाव्या शतकात तिथे एकाला लागून एक भट्ट्या उभ्या राहिल्या. पिंपं बनवणारे, माल्ट करणारे, रेल्वेचे फाटे, सगळं आपोआप आलं. एकाच धंद्याची अशी दाटी झाली की तिथलं कसब गावाच्या अंगवळणी कसं पडतं, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या ग्रंथात मांडलं. भट्टीत उरणारं यीस्ट मात्र ढिगाने साचे. आपल्याकडे साखर कारखान्याच्या मळीवर आसवनी उभी राहते, तशी १९०२ साली बर्टनमध्ये त्या यीस्टवर मार्माइट कंपनी उभी राहिली. यीस्टमध्ये ब-गटातली जीवनसत्त्वं भरपूर, आणि बेरीबेरी होतो तो त्यांतल्याच एकाच्या अभावाने. त्यामुळे मार्माइटचे डबे मेसोपोटेमियातल्या रुग्णांपर्यंत पोचले. याच बर्टनची पेल एल त्याआधी कित्येक दशकं जहाजांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी येत होती, हा योगायोग गमतीचाच.

स्कर्व्हीचं कोडं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी सोडवायला घेतलं. पुरुष शास्त्रज्ञ युद्धकामावर गेलेले, प्रयोगशाळा या बायकांच्या हाती. प्रयोग गिनीपिगवर, कारण त्यांनाही माणसासारखा स्कर्व्ही होतो. निष्कर्ष चक्रावणारा होता: ब्रिटिश आरमार ज्यावर विसंबून होतं तो वेस्ट इंडीजच्या हिरव्या लिंबाचा रस, भूमध्य सागराकडच्या पिवळ्या लिंबाच्या मानाने चौथाईच गुणकारी होता. आणि दुसरा निष्कर्ष: कोरड्या कडधान्यात काही नाही, पण त्याला मोड आले की स्कर्व्ही रोखणारा गुण तयार होतो. १९१८ साली सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला. लिंबाच्या रसाशी तुलना करता तो मागे पडला नाही.

लिस्टरच्या सूचना वाचताना मराठी माणूस थबकतोच. दाणे सालासकट आणि अख्खे हवेत. दिवसभर भिजवावेत, मग पाणी काढून, हवा लागेल असे ओलसर ठेवावेत, मोड येईपर्यंत. मग फार न शिजवता खावेत. सातारा-कोल्हापूरकडे मटकी फडक्यात बांधून टांगतात ती याच बेताने. पण लष्करी शिध्यात होती ती भरडलेली डाळ. तिला मोड येणार कुठून? भरडण्याने वेळ आणि सरपण वाचत असेल, पण जी गोष्ट शिपायांच्या आया घरोघरी करत होत्या तीच त्यातून हद्दपार झाली. शिधा ठरवणाऱ्या कुणी पलटणीतल्या भटारखान्यात दोन प्रश्न विचारले असते तर मूग-मटकीच्या अख्ख्या गोण्या बोटींत चढवायला काहीच हरकत नव्हती. भाजी नासते, मटकी महिनोन्‌महिने टिकते.

कूतच्या आजारांची वर्णनं आपल्यापुढे येतात ती मुख्यतः इंग्रज डॉक्टरांच्या लेखणीतून. १०३, ११० किंवा ११७ मराठा पलटणीतल्या कुणाचं पत्र, डिस्चार्जचा कागद, पदक तुमच्या पणजोबांच्या ट्रंकेत असेल तर ते रद्दीत घालू नका. छायाचित्र काढून जवळच्या इतिहास मंडळाला द्या, आणि त्यात खाण्यापिण्याविषयी एखादी ओळ असेल तर ती आधी वाचा.