खुराड्यातून भोपाळपर्यंत

फेब्रुवारी २०२५. वाशिम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावी सहा हजारांवर कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच, नवापूरला, २००६ मध्ये.

साथीची पहिली खूण खुराड्यातच दिसते. तुरा निळसर पडतो, डोके सुजते, अंडी एकदम घटतात आणि एका रात्रीत पाच-दहा पक्षी मरून पडतात. अशी मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, विकू तर नकाच. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ वर कळवा. नमुन्यांवर शेवटचे शिक्कामोर्तब भोपाळची प्रयोगशाळा करते. मग एक किलोमीटरचा पट्टा बाधित ठरतो, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते.

माणसांच्या तापाची नोंद वेगळी होते. आशाताई घरोघरी विचारतात, आरोग्य केंद्रातून आकडे जिल्ह्याला जातात. पक्षी हाताळल्यावर ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांचे आधी सांगा. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यांची भीती नको. ७० अंशांवर विषाणू मरतो. मोबाइलवर फिरणारा मृतांचा आकडा मात्र जिल्हा प्रशासनाने दिलेला आहे का, हे पाहूनच पुढे पाठवा.