हादरे बसतात, तेव्हा उभे कोण असते?

सीटबेल्टचा दिवा लागला की प्रवासी पट्टा आवळतात. केबिन क्रू मात्र तेव्हाही उभाच असतो. पट्टे तपासायचे, ट्रॉली आवरायची. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नोंदीनुसार २००९ ते २०२२ या काळात हादऱ्यांमुळे गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ जण विमानातले कर्मचारी होते.

सावध व्हायला वेळ किती मिळतो?

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारवर होते. सीटबेल्टचा दिवा लागला आणि काही सेकंदांतच पट्टा न लावलेली माणसे अधांतरी उचलली गेली. पाच सेकंदांच्या आत विमान १७८ फूट खाली आले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला उतरणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानातही प्रवाशांसोबत केबिन क्रूमधील तिघे जखमी झाले होते.

वैमानिकाच्या रडारला ढगांतले पाण्याचे थेंब दिसतात. निरभ्र आकाशातली खळबळ त्याला दिसत नाही.

अशा वेळी नियम साधा: आधी स्वतःला सांभाळा. पायाने ट्रॉलीचा ब्रेक दाबायचा, गरम कॉफीचे भांडे खाली जमिनीवर ठेवायचे आणि मिळेल त्या रिकाम्या सीटवर बसून पट्टा लावायचा. मे २०२४ नंतर सिंगापूर एअरलाइन्सने सीटबेल्टचा दिवा लागताच जेवण वाढणेही थांबवायला सुरुवात केली. कोरियन एअरने त्याच वर्षी ऑगस्टपासून इकॉनॉमी वर्गातले उकळत्या पाण्याचे इन्स्टंट नूडल्स बंद केले.