पुन्हा पाण्यात उतरताना : प्रौढांच्या जलतरण स्पर्धेची तयारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या तलमडुगु भागातील एका गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले. वय सेहेचाळीस, घरची शेती कपाशी-सोयाबीनची. कॉलेजात असताना ते पोहण्यात पटाईत होते, बक्षिसेही मिळवली होती. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत पाण्यात उतरले ते केवळ विहिरीतली मोटार काढण्यापुरते. आता प्रौढांच्या एका स्पर्धेत नाव द्यावे की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. घरची मंडळी मात्र म्हणत होती, "या वयात हे खूळ कशाला? छातीत कळ आली तर पोरांनी कुणाकडे पाहायचे?" दोन्ही बाजू आम्हांस रास्त वाटल्या. तेव्हा या वेळी बोंडअळीला जरा बाजूला ठेवून या विषयाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे ठरविले.

आधी एक गैरसमज दूर करू. स्पर्धा म्हणजे पोराटोरांचेच काम असे नाही. जगभर 'मास्टर्स' नावाने प्रौढांच्या जलतरण स्पर्धा होतात आणि त्यांत पंचवीस वर्षांपुढील कोणालाही भाग घेता येतो. गट पाच-पाच वर्षांचे असतात : २५ ते २९, ३० ते ३४, असे पुढे ऐंशी-नव्वदीपर्यंत. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला जे वय होईल, ते धरतात. म्हणजे सेहेचाळीस वर्षांच्या माणसाची गाठ ४५ ते ४९ या गटातल्यांशीच पडते, विशीतल्या पोरांशी नव्हे. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली. आपल्याकडेही भारतीय जलतरण महासंघाच्या राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा होतात. कोकणात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा भरतात, त्यांतही वयस्कांचे गट असतात. मात्र पहिल्याच खेपेला समुद्राच्या वाटेस जाऊ नये. दोरीने आखलेल्या लेनचा तलाव बरा. दम लागला तर हात टेकायला भिंत जवळ असते.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तोच आधी सोडवायचा आहे. पाण्यात आडवे झाले की पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाला एरवीपेक्षा जास्त रक्त ढकलावे लागते. पाणी थंड असेल तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब आणखी चढतो, आणि अंगावर एकदम गार पाणी आले म्हणजे श्वास आपोआप आत ओढला जातो. आदिलाबादची थंडी काय असते हे आपणांस सांगायला नको. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसाने नाव देण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, रक्तातील साखर आणि ई.सी.जी. एवढे तरी करून घ्यावे. विडी-सिगारेट किंवा तंबाखूची सवय असेल, मधुमेह असेल, वडिलांना वा भावाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणी करावी काय, हेही डॉक्टरांना विचारावे. कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा फिट येत असतील, तर आपल्या मनाने काही ठरवू नये. सराव सुरू झाल्यावर छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा थांबल्यावरही न उतरणारी धाप यांपैकी काहीही झाले, तर तेथेच बाहेर यावे. "थोडे पोहले की जाईल" असे म्हणत पुढे जाणे यासारखा वेडेपणा नाही.

आमच्या या गृहस्थांचा एक युक्तिवाद होता, "शेतात दिवसभर राबतो, मला दम कसा लागेल?" पण लागतो. नांगर, वखर, फवारणीचा पंप यांनी पाठ आणि हात बळकट होतात हे खरे, पण खांदे पुढे वाकतात आणि आखडतात. पोहण्यात हात डोक्याच्या पुढे पुरता लांब जावा लागतो. शिवाय शेतात श्वास हवा तेव्हा घेता येतो, पाण्यात तो हाताच्या फेरीवर बेतावा लागतो. पोहणे विसरत नाही म्हणतात तेही खरे. हातपाय कसे मारायचे हे शरीराच्या लक्षात असते, पण दमाची ताकद सराव सुटल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागते. त्यामुळे होते असे की, पहिल्या दिवशी माणूस पंचविशीतल्या आठवणीने झेप घेतो आणि पंचवीस मीटरवर भिंतीला लटकतो. यात लाजण्यासारखे काही नाही, सगळ्यांचे असेच होते.

धाप लागण्याचे निम्मे कारण तर निराळेच असते. डोके पाण्यात असताना पुष्कळ जण श्वास कोंडून धरतात आणि तोंड बाहेर काढल्यावर सोडणे-घेणे दोन्ही एकदम करू पाहतात. एवढा वेळ तेथे नसतो. श्वास पाण्यातच नाका-तोंडाने बुडबुडे सोडत संपवावा आणि तोंड बाजूला वळवून फक्त घ्यावा. पहिले दोन-तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एवढाच सराव केला तरी फुकट जात नाही. डोके वर उचलू नये. डोके वर गेले की कंबर व पाय खाली जातात आणि मग पाणी कापण्याऐवजी ढकलत बसावे लागते.

बारा आठवडे हाताशी असावेत. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पुरे. पहिले तीन आठवडे पंचवीस मीटर सावकाश पोहावे, श्वास जाग्यावर येईपर्यंत थांबावे, पुन्हा पोहावे. असे बारा ते सोळा वेळा. मग पन्नास मीटरचे तुकडे घ्यावेत आणि आठव्या आठवड्यापर्यंत एका दिवसाची बेरीज हजार मीटरवर न्यावी. याहून घाई नको, कारण हृदय व फुप्फुसे लवकर तयार होतात, पण खांद्याचे स्नायुबंध मागे राहतात. दम आहे म्हणून माणूस रेटतो आणि खांदा धरून बसतो. स्नायू जड होणे वेगळे. खांद्याच्या टोकाशी टोचणारी कळ आली, की हात थांबवून नुसते पाय मारावेत. नवव्या आठवड्यापासून थोडे वेगाचे पंचवीस मीटर घालावेत. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. त्या आठवड्यात राहून गेलेला सराव भरून काढायला जो जातो, तो स्पर्धेत दमलेलाच उतरतो.

पण आपल्याकडे तलाव कुठे आहे? ही खरी अडचण. रोज शहरापर्यंत जाणे कोणाच्या खिशाला झेपणार? आमचे मत असे : आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून दोनदा शहरातील जलतरण तलावावर जावे, बाकीचे दिवस घरी काम करावे. तेवढ्याने पदक मिळणार नाही, पण पन्नास मीटरची शर्यत नीट पुरी होते. सायकलची जुनी ट्यूब कडुनिंबाच्या बुंध्याला बांधावी, कमरेत वाकून दोन्ही टोके धरावीत आणि पाणी मागे ओढल्यासारखे हात ओढावेत. मग कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूस फिरवावा. हा दुसरा व्यायाम दिसायला फालतू आहे, पण खांदा वाचवतो तो हाच. शिवाय अर्धा तास झपाझप चालावे.

विहिरीविषयी मात्र कडकच बोलले पाहिजे. सुक्या भोपळ्याच्या नाहीतर पांगाऱ्याच्या सांगडीवर आपल्या कितीतरी पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या, हे आम्ही जाणतो. पण शर्यतीच्या सरावाला विहीर कामाची नाही, चार हात मारले की भिंत येते. आणि आता तिच्यात मोटार असते. केबलचे आवरण सोलले असेल तर पाण्यात वीज उतरते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वीज बंद केल्याशिवाय विहिरीत पाय घालू नये, आणि स्टार्टरपाशी आपला माणूस उभा करावा. नाहीतर दुसरा कोणी येऊन बटण दाबतो. गावतळ्यात गाळ व वेली असतात. अंगावर जखमा असताना साचलेल्या पाण्यात उतरले तर उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरा अंगात शिरू शकतो, आणि वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी ओरखडलेले हात आपल्यापैकी कोणाचे नसतात? फवारणी केली त्या दिवशी सराव ठेवू नये. कीटकनाशकाने डोके जड झाले आहे की श्रमाने, हे मग ओळखता येत नाही. आणखी एक : खोल खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली कोण जास्त टिकतो ही पैज मुलांनी वा मोठ्यांनी कधीही लावू नये. जोरजोराने श्वास घेतल्याने श्वासाची हाक देणारा कर्बवायू अंगातून निघून जातो, हाक उशिरा येते, आणि माणूस काहीही न कळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेच यात जातात. एकट्याने पोहू नये हे तर आलेच.

पुष्कळ दिवसांनी परतलेल्या माणसाला काय साधते याचा दाखला द्यायचा तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचा द्यावा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. पुढे ते तहसीलदार झाले, आणि सरकारी कामात सराव मागे पडला. तरी ते पुन्हा तलावात उतरले आणि २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत चौथे आले. कांस्यपदक हुकले ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने. त्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर साधारण दोन सेंटीमीटर भरते, अंगठ्याच्या रुंदीएवढे. आपली बरोबरी त्यांच्याशी नाही, पण यातून एक गोष्ट आपणही घ्यावी : भिंत येईपर्यंत हात थांबवू नये आणि शेवटचा हात पुरता लांबवून भिंतीला लावावा. आणि सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर तर मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक आणले.

स्पर्धेच्या दिवसाचे नियम थोडे आहेत, पण माहीत नसले तर तीन महिन्यांची मेहनत अर्ध्या मिनिटात जाते. लांब शिट्टी झाली की जाग्यावर यावे. सूचनेनंतर स्थिर राहावे. इशाऱ्याआधी सुटलेला बाद होतो. प्रौढांना ठोकळ्यावरून सूर मारण्याची सक्ती नाही. काठावरून किंवा पाण्यात उतरून भिंतीला रेटा देऊनही सुरुवात करता येते. वीस वर्षांत सूर मारला नसेल तर हाच मार्ग घ्यावा, उथळ बाजूला चुकलेला सूर मान मोडतो. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लावायचे, फ्रीस्टाइलमध्ये अंगाचा कोणताही भाग चालतो. दोरी धरून पुढे ओढून घेऊ नये आणि तळावर पाय टेकून चालू नये.

शर्यतीआधी दोन-तीन तास हलके खावे; थोडा भात किंवा पोळी, नंतर केळे. झुणका-भाकर शर्यत झाल्यावर. घरून निघताना जाड चादर, कोरडे कपडे आणि गॉगल घ्यावा. गॉगल अगोदर वापरलेला असावा; नवा गॉगल त्याच दिवशी घातला तर पाणी आत येते. शर्यतीआधी सावकाश दोनशे-तीनशे मीटर पोहून अंग तापवावे. पहिले पंचवीस मीटर मन आवरून पोहावे, कारण शेजारच्या लेनमधला पुढे गेला की हात आपोआप भराभर पडू लागतात आणि शेवटच्या वीस मीटरांत त्याची किंमत मोजावी लागते.

त्या गृहस्थांचा रक्तदाब तपासणीत चढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले आणि तो आटोक्यात येईपर्यंत वेगाने पोहू नये असे बजावले. त्या वर्षीची स्पर्धा त्यांनी सोडली. घरी थोडी नाराजी झाली, पण आता त्यांच्या पत्नीच म्हणतात, या निमित्ताने तपासले तरी. वेचणी उरकली की ते आठवड्यातून एकदा बसने शहरातल्या तलावावर जातात, पंचवीस-पंचवीस मीटरने, सावकाश. मोठा मुलगा काठावर घड्याळ घेऊन बसतो.