दूर म्हणजे सुरक्षित?

भूकंपाची बातमी आली की आपण आधी विचारतो, केंद्र किती लांब? शे-दोनशे किलोमीटर म्हटले की जीव भांड्यात पडतो. अंतराबरोबर भूकंपलहरी क्षीण होतात, हे खरेच. खडकातून चौफेर पसरणाऱ्या लहरींचा जोर अंतर दुप्पट झाले की निम्म्यावर येतो. जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींचा मात्र सुमारे सत्तर टक्के उरतो. शिवाय वाटेतला खडक त्यांची ऊर्जा शोषतो. भेगाळलेला खडक जास्त, जुना अखंड कातळ कमी. म्हणूनच २०११ साली अमेरिकेच्या व्हर्जिनियातला ५.८ तीव्रतेचा भूकंप थेट कॅनडापर्यंत जाणवला. कॅलिफोर्नियाच्या भेगाळ भूमीत एवढ्याच भूकंपाचा पसारा कितीतरी लहान असतो. भारतीय द्वीपकल्पाचा बराच भागही जुन्या कातळाचाच आहे.

त्यातही सगळ्या लहरी सारख्या विरत नाहीत. जलद, बारीक कंप लवकर मरतात. संथ हेलकावे लांब जातात, आणि उंच इमारतींना तेच झेपत नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते. तिथली जुनी बैठी घरे बहुतांशी तगली. कोसळल्या त्या चार-चार, दहा-दहा मजली इमारती, आणि शेकडो माणसे दगावली. साबरमतीच्या गाळाने हादरा आणखी वाढवला. यावर कोणी म्हणेल, दोष बांधकामाचा. तो होताच: पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवून वरचा सगळा भार नुसत्या खांबांवर टाकलेल्या कितीतरी इमारती तिथे होत्या. पण हा दोष उघडा पाडला तो दुरून आलेल्या हेलकाव्यांनीच.

दुसरा आक्षेप किल्लारीचा. १९९३ साली तिथे हाहाकार झाला तो मोजक्या टापूत. मग अंतराने वाचवलेच ना? वाचवले, कारण तो भूकंप ६.२ तीव्रतेचा आणि उथळ होता. जवळच्या जलद कंपांनी दगडमातीची बैठी घरे पाडली. भुजच्या भूकंपात त्याहून शंभरपटीहून अधिक ऊर्जा मोकळी झाली. तेव्हा नकाशावरचे अंतर पाहून निर्धास्त राहू नये. आपली इमारत गाळावर किंवा भरावावर उभी आहे का आणि तिचा तळमजला नुसत्या खांबांवर तोललेला आहे का, हे प्रत्येक सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे.