तामलवाडीचा पैसा कोण तपासतो?

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली गाडी तामलवाडीजवळ टोल भरते. हा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ५२, ज्या महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, ते संसदेच्या १९८८ च्या कायद्याने उभे राहिले. त्याचे हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) तपासतात आणि अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. सरकारी खर्चावरील कॅगचे अहवाल हाती घेते लोकलेखा समिती: लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य. मंत्री तिथे बसू शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, आणि तो फार मोलाचा आहे.

गावातल्या पैशाची वाट वेगळी. जिल्हा परिषद, पंचायत समितीचे लेखे स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते. त्यातले आक्षेप विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढे जातात. दोन्ही सभागृहांचे आमदार जिल्ह्यात येतात, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेतात. शाळा, आरोग्य केंद्रे, पाणीयोजना पाहतात. समाधान झाले नाही, तर खात्याच्या सचिवांना बोलावतात. मात्र या समित्या शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. म्हणून कागदावरचा आक्षेप वर्षानुवर्षे पडून राहतो, हे खरे दुखणे आहे.

रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत होते. तिथे हजर राहा. ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये.