प्लीहावृद्धी आणि जनुकातील अर्जित बदल
सातपुड्याच्या पायथ्याशी प्लीहावृद्धी व पांडुता दिसताच खानदेशातील वैद्यांना सिकलसेल आठवतो. तो मातापित्यांकडून येणारा जन्मजात विकार होय. परंतु उतारवयातील रुग्णाचा चेहरा लालबुंद, स्नानानंतर अंगास कंडू व प्लीहा वाढलेली असल्यास पॉलिसायथेमिया व्हेराची शंका घ्यावी. यातील जाक-२ जनुकाचा बदल २००५ साली उजेडात आला. तो सुमारे ९५ टक्के रुग्णांत आढळतो. अस्थिमज्जेतील मूलपेशीत जन्मानंतर घडत असल्याने तो अर्जित होय. संततीत उतरत नाही. आधुनिक चिकित्साही शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवते. तथापि केवळ शिरावेधाने मज्जेतील मूळ जात नाही, रक्ताच्या गुठळीचे भय उरते. म्हणून जळगाव-धुळ्यातील वैद्यांनी प्रथम रक्तगणना करवावी, रक्तरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषधालयचालकांनीही चालू गोळ्या थांबविण्यास सुचवू नये.