कुणाच्याच मालकीची नसलेली जागा

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की कोथरूडच्या कितीतरी घरांत परदेशातून फोन येतो आणि पलीकडून विचारणा होते, "आई, बाबांची तिथी इकडे आज धरायची की उद्या?" मयूर कॉलनीत वाढलेला मुलगा आता सिअॅटलला असतो, डहाणूकर कॉलनीतली मुलगी कामासाठी आठवडाभर सिंगापूरला गेलेली असते. श्राद्धाला तिथी अपराह्णी लागते. दिवसाचे पाच भाग पाडले तर त्यातला चौथा म्हणजे अपराह्ण, आणि तो ज्या गावी आपण असू त्या गावच्या सूर्याप्रमाणे मोजायचा. म्हणून पुण्यात सोमवारी येणारी तिथी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारीच येऊ शकते. हा हिशेब पंचांग बघून सुटतो. पण दिवस ठरला तरी बसायचे कुठे, हे पंचांग सांगत नाही.

हॉटेलच्या खोलीत निरांजन लावायची सोय नाही, छतावर धुराचा इशारा देणारे यंत्र असते. विमानतळावर प्रार्थनेची खोली असते खरी, पण तिथे लोक घड्याळाकडे बघत आत-बाहेर करत असतात. आणि आपल्याला तरी काय हवे असते? गेलेल्या माणसाचा चेहरा नीट आठवेल एवढी शांतता, आणि "इथे काय करताय?" असे कुणी विचारणार नाही एवढी मोकळीक.

शास्त्रकारांना हा प्रश्न नवा नव्हता. त्या काळचा प्रवासी काशी-रामेश्वराला निघाला की वर्ष वर्ष घराबाहेर असे. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात श्राद्धाची फार सविस्तर चर्चा केली आहे. श्राद्ध कुठे करावे याविषयीची जी वचने परंपरेत आली आहेत त्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते ते जमिनीच्या मालकीविषयीचे. दुसऱ्याच्या जमिनीवर श्राद्ध केले तर त्या मालकाचे पितर आडवे येतात, म्हणून मालकाला मोबदला द्यावा. पण अरण्ये, पर्वत, पुण्य नद्या आणि तीर्थे यांना मालक नसतो. तिथे कुणाचा हक्क चालत नाही, तिथे कुणीही बसावे.

या नियमाकडे केवळ कर्मकांड म्हणून बघितले तर त्यातली माणसाची जाण हातून निसटते. दुःख करायला माणसाला अशी जागा लागते जिथे तो कुणाचा पाहुणा नसतो, भाडेकरू नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो.

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशातला चौदावा अध्याय तर आणखी पुढे जातो. ऐपत असेल त्याने अन्न द्यावे, नसेल त्याने मूठभर तीळ आणि पाणी द्यावे, तेही नसेल तर गायीला चारा घालावा. काहीच जमत नसेल त्याने रानात जावे, दोन्ही हात वर करावेत आणि सूर्यादी लोकपालांना मोठ्याने सांगावे की माझ्याजवळ धन नाही, धान्य नाही, माझ्या भक्तीनेच पितर तृप्त होवोत. तिथे ना भटजी, ना भांडी, ना दर्भ. एक रान आणि एक माणूस. परमुलखात एकटे असताना तिथी आली तर हे सहज करता येते, आणि ज्याची श्राद्धावर श्रद्धा नाही त्यालाही त्यात अडचण वाटू नये.

परक्या भूमीत मराठी माणसासाठी अशी जागा शोधावी लागल्याचे एक मोठे उदाहरण इटलीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. इटलीत तेव्हा दहन रूढ नव्हते, मिलानचे पहिले दहनगृह त्यानंतर, १८७६ मध्ये झाले. तरीही शहराने खास परवानगी दिली. बरोबरच्या मंडळींनी परक्या शहरात काय शोधले, तर नद्यांचा संगम. गावाच्या पश्चिम टोकाला, काशीने उद्यानात, जिथे मुन्योने नदी अर्नोला मिळते तिथे महाराजांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला त्याचाच. आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराने घडवला. १९७८ मध्ये जवळच अर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही फ्लोरेन्सकरांनी 'त्या भारतीयाचा पूल' असेच नाव दिले. उद्यान सर्वांना खुले आहे आणि छत्रीपाशी कुणीही जाऊन थांबू शकतो. युरोपच्या सहलीत फ्लोरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने संग्रहालयांच्या रांगांमधून तासभर काढून तिथे जावे असे मला मनापासून वाटते. स्वतःच्या माणसाची आठवण काढायलाही ती जागा चांगली आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वेगळी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात गेल्या, आणि त्यांच्या अस्थी, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनजागेत ठेवल्या. इथे जागेला मालक होता, पण त्या मालकिणीने परक्या मुलीला आपल्या कुळात जागा दिली. मालकाचे पितर आडवे येतात म्हणणाऱ्या नियमाला याहून सुंदर अपवाद मला ठाऊक नाही.

उलट्या दिशेचा प्रवासही असतो. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, आणि आजोबा-पणजोबांचे नाव शोधत परदेशातून नातवंडे तिथे येतात. त्यांच्यासाठी निदान दगडावर कोरलेले नाव तरी आहे. आईवडील गेल्यावर कोथरूडला चार दिवसांसाठी येणाऱ्या आपल्याच मुलांचे काय? वडिलांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट पुनर्विकासात गेला. तीन मजली इमारतीच्या जागी आता उंच टॉवर आहे, खाली वाहनतळ आहे आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक नाव-नंबर लिहून घेतो. ज्या खिडकीशी आई बसायची ती खिडकीच उरलेली नाही.

अशांपैकी ज्यांनी मला विचारले त्यांना मी आधी कर्वे रस्त्यावरच्या मृत्युंजयेश्वराचे नाव सांगायचो. पेशवेकालीन मंदिर आहे, नावातच मृत्यूवर मात आहे, आणि दुपारच्या वेळी गर्दी कमी असते. आता मी सरळ टेकडी सांगतो. म्हातोबाची किंवा वेताळाची. सुमारे आठशे मीटर उंचीच्या माथ्यावर वेताळाचे देऊळ, खाली दगडाच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी, पावसाळ्यानंतर कंबरभर गवत. पहाटे येणारी मंडळी बाटलीतून पाणी आणून रोपांना घालतात, आणि त्यांतली काही रोपे कुणाच्या ना कुणाच्या आठवणीने लावलेली असतात. त्यांवर पाटी नसते. पाणी घालणाऱ्याला झाड कुणाचे ते माहीत असते, तेवढे पुरते.

या टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढायची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोर्चाने रस्त्यावर उतरले. झाडे, मोर, भूजल, वाहनांची कोंडी यांवर दोन्ही बाजूंनी अहवाल निघाले, आणि ते निघायलाच हवेत. पण तिथे आईसाठी, नवऱ्यासाठी, गेलेल्या मित्रासाठी एकटे बसायला येणारी माणसे कुठल्याही वाहतूक-गणनेत येत नाहीत. सिअॅटलहून आलेला तो मुलगा हरकती-सूचनांच्या सुनावणीला हजर राहू शकणार नाही, कारण तोवर त्याची रजा संपलेली असेल. त्याच्या वतीने ती हरकत आपण, इथे राहणाऱ्यांनी, लेखी नोंदवायला हवी.